लेख, भोग आणि साक्ष

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेला महामार्ग नळदुर्ग, उमरगा मागे टाकून कर्नाटकात शिरतो आणि थोड्याच अंतरावर बसवकल्याणचा फाटा लागतो. हे गाव आपल्याला बसवेश्वरांमुळे ठाऊक असते. कायद्याच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलाने मात्र ते आणखी एका माणसासाठी लक्षात ठेवावे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य 1076 ते 1126 या काळात राज्य करत होता, तेव्हा हे कल्याणी त्याच्या राजधानीचे शहर होते. तिथे विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हिस्सा मिळतो, ही कल्पना बंगाल वगळता जवळजवळ साऱ्या देशाने तिच्यातून उचलली. 1810 साली कोलब्रुकने तिच्यातल्या वारसाहक्काच्या भागाचे इंग्रजी भाषांतर केले आणि इंग्रज न्यायाधीश त्यावरून निकाल देऊ लागले.

मुलगा म्हणजे मुलगाच, मुलगी नाही, हा अर्थ मात्र फार काळ टिकला. महाराष्ट्राने 1994 साली स्वतःच्या दुरुस्तीने मुलीला सहदायाद केले, केंद्राने ते 2005 साली केले आणि 2020 मध्ये ‘विनीता शर्मा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क जन्माने मिळतो, 2005 साली वडील हयात असण्याची अट त्याला नाही. उमरगा किंवा लोहाऱ्याच्या कोर्टात आज एखादी लेक वाटपाचा दावा लावते, तेव्हा तिच्या वकिलाचा निम्मा युक्तिवाद शेजारच्या तालुक्याच्या गावी नऊशे वर्षांपूर्वी लिहिला गेलेला असतो. आपल्या विधी महाविद्यालयांत मिताक्षरा शिकवताना ती जणू काशीहून आली अशा थाटात शिकवतात, याचे मला नवल वाटते.

पण या लेखाचा विषय वारसाहक्क नाही. याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायात, म्हणजे दाव्यांच्या भागात, पुरावे तीन सांगितले आहेत: लेख, भोग आणि साक्षी. कागद, ताबा आणि माणूस. जमीन तुझी कशावरून, असे विचारले तर उत्तर या तिघांतूनच यायचे. त्यापुढे तो म्हणतो की मालक पाहत असताना आणि हरकत घेत नसताना दुसऱ्याने जमीन वीस वर्षे उपभोगली, तर मालकाची हानी होते. जंगम वस्तूला मुदत दहा वर्षांची. विज्ञानेश्वर इथे मोठा सावध आहे. तो म्हणतो, हानी होते ती फक्त उत्पन्नाची, मालकीची नाही. आजचा मुदतीचा कायदा त्याच्याइतका हळवा नाही. बारा वर्षे प्रतिकूल ताबा सिद्ध झाला की मूळ मालकाचा हक्कच संपतो.

युरोपातही हाच झगडा होता. 533 साली सम्राट जस्टिनियनने कायदा शिकायला नव्याने आलेल्या मुलांसाठी ‘इन्स्टिट्यूट्स’ नावाचे पाठ्यपुस्तक करवून घेतले. त्याची मांडणी तीन भागांत होती: व्यक्ती, वस्तू आणि दावे. मालकी वेगळी आणि ताबा वेगळा, आणि ताबा जबरदस्तीने हिसकावला तर मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी ताबा परत करायचा, ही रोमन रीत. आपल्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम 6 तेच सांगते: बेकायदा हुसकावलेल्या माणसाने सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर समोरचा खरा मालक असला तरी त्याला ताबा परत द्यावा लागतो. हीच परंपरा फिरत फिरत पोर्तुगालच्या 1867 च्या नागरी संहितेतून गोव्यात आली आणि अजून तिथे आहे. धाराशिव जिल्ह्यात मात्र ती थेट कोणी आणली नाही. इथे दिवाणी कायदा थराथरांनी साचत गेला. वरचा अंमल बदलला तरी खालचा थर कोणी खणून काढला नाही, आणि प्रत्येक अंमलाने लेख, भोग आणि साक्ष यांपैकी आपल्या सोयीच्या एकाला मानाच्या पाटावर बसवले. जिल्ह्यातले आजचे कज्जे समजून घ्यायचे तर हा क्रम ठाऊक हवा.

जुन्या काळी पाटावर होती साक्ष. पाटीलकीचा, कुळकर्णाचा, शेताच्या बांधाचा वाद उठला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे महाजन, बलुतेदार असे सारे हजर राहत. निवाडा झाला की महजर लिहिला जाई. अशा महजराचा कागद पाहण्यासारखा असतो. वर हजर असलेल्यांची लांबलचक यादी, मधे वादी-प्रतिवादींच्या तकरीरी, खाली निवाडा आणि त्याखाली निशाण्या. ज्याला लिहिता येत नाही त्याने नाव लिहायचे नाही, धंद्याची खूण काढायची. कुणब्याच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे त्याचे हत्यार. सहा रेघांत काढलेला तो नांगर म्हणजे त्या माणसाची सही. तो गावात उभा राहून म्हणाला आहे की हे मला माहीत आहे, आणि उद्या फिरला तर गाव त्याला ओळखते. साक्षीचा निकाल लागला नाही तर दिव्य असे, उकळत्या तेलातून धातूचा रवा काढणे वगैरे. ही व्यवस्था रम्य होती असे मानण्याचे कारण नाही. गोतात ज्याला स्थान नाही त्याची साक्ष किती मोजली जात असेल, याचा अंदाज कोणालाही येईल.

1853 साली पहिला मोठा फेर आला. हैदराबाद कंटिंजंट ही फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची, पण तिचा खर्च निजामाच्या डोक्यावर. थकबाकी वाढत गेली आणि लॉर्ड डलहौसीच्या काळात 21 मे 1853 च्या तहाने निजाम नासिर-उद्-दौलाला वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा सरहद्दीचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. नळदुर्गला डेप्युटी कमिशनर म्हणून आला फिलिप मेडोज टेलर. 1808 साली लिव्हरपूलला जन्मलेला, पोरवयात मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पाठवलेला, नंतर निजामाच्या नोकरीत शिरलेला आणि 1839 साली ठगांवरच्या कादंबरीने विलायतेत गाजलेला हा माणूस. शोरापूरचा कारभार पाहून तो नळदुर्गला आला आणि किल्ल्यात राहिला. तुळजापूरची पार्श्वभूमी घेऊन त्याने पुढे ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, 1863 साली.

टेलरच्या हाती महसूल, फौजदारी आणि दिवाणी असे तिन्ही अधिकार एकवटले होते. आजच्या विद्यार्थ्याला हे दचकायला लावेल, कारण सारा वसूल करणारा आणि साऱ्याविरुद्धची तक्रार ऐकणारा एकच. पण इंग्रजांनी नव्याने घेतलेल्या मुलखांत हीच पद्धत होती. कायद्याचे पुस्तक मागून येई, अधिकारी आधी येई. टेलरने जमीन मोजण्याचे काम हाती घेतले, आणि माझ्या मते त्याच्या चार वर्षांतला हाच खरा दिवाणी कायदा. गावाच्या ओढ्यापासून अमक्याच्या लिंबापर्यंत, असे वर्णन असलेले शेत मोजले गेले, त्याला हद्द आली, आकार ठरला, आणि ज्याच्या नावावर तो आकार लागला त्याच्याकडे एक लेख तयार झाला. 1857 च्या धामधुमीत टेलरला वऱ्हाडात हलवले. डिसेंबर 1860 च्या तहाने हा मुलूख निजामाला परत मिळाला. सात वर्षांत इंग्रजी अंमल आला आणि गेला, पण मोजणी नावाची सवय मागे राहिली.

परत आलेला निजामी अंमल मात्र पूर्वीचा नव्हता. 1853 सालीच पहिला सालारजंग दिवाण झाला होता, वय चोवीस. त्याने इजाऱ्याने वसुली करणाऱ्या तालुकदारांना पगारी नोकर केले, 1865 साली जिल्हाबंदी केली, अदालती उभ्या केल्या. नळदुर्ग जिल्हा झाला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारभाराचे ठाणे धाराशिवला गेले आणि जिल्ह्याला उस्मानाबाद नाव मिळाले. कचेरीची भाषा फारसीची उर्दू झाली. वर्ष फसली, आणि हैदराबादेत ते आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेला, म्हणजे 6 ऑक्टोबरला सुरू होई. फसली सनात 590 मिळवले की ज्या ऑक्टोबरात ते वर्ष लागते तो इसवी सन येतो. ही बेरीज ज्याला येत नाही त्याने मराठवाड्यात जमिनीचे वकीलपत्र घेऊ नये.

कारण इथून पुढे ऐंशी-नव्वद वर्षे पाटावर बसला लेख. 1317 फसलीचा जमीन महसूल कायदा, 1322 फसलीचा मुदतीचा कायदा, 1323 फसलीची दिवाणी प्रक्रिया संहिता. यांतले शेवटचे दोन इंग्रजी हद्दीत 1908 साली जे कायदे झाले, त्यांच्याच धर्तीवर, पण वेगळ्या सरकारचे, वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या कालगणनेत. ‘वेगळ्या सरकारचे’ हे शब्द हलके नाहीत. निजामी हद्दीतल्या येडशीहून इंग्रजी हद्दीतली बार्शी दोन-तीन तासांच्या बैलगाडीच्या वाटेवर नसली तरी एकाच बाजारपेठेत होती. 1911 पर्यंत बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली आणि या बाजूचा माल बार्शीच्या अडतीवर उतरू लागला. समजा, अडत्याने शेतकऱ्यावर बार्शीच्या कोर्टात हुकूमनामा मिळवला. शेतकरी निजामाच्या हद्दीत. कायद्याच्या नजरेने बार्शीचे कोर्ट इथे परदेशी. दोन्ही सरकारांनी परस्पर बजावणीची सोय केलेली असेल तर ठीक, नाहीतर त्या परदेशी निकालाच्या आधारे इकडे नवा दावा लावायचा, आणि तिथे प्रतिवादी म्हणणार की मला नोटीसच मिळाली नाही, निकाल नैसर्गिक न्यायाला सोडून आहे. आपल्या दिवाणी संहितेचे कलम 13 विद्यार्थी लंडन-सिंगापूरची उदाहरणे देऊन पाठ करतात. आपल्या आज्या-पणज्यांना ते कलम बार्शीच्या बाजारात भेटत असे.

आणि खुद्द निजामाच्या राज्यातही एकच कायदा सगळीकडे नव्हता. खालसा मुलूख वेगळा, निजामाच्या खासगी खर्चाचा सर्फ-ए-खास वेगळा, जहागिरी वेगळ्या. गुंजोटी, लोहारा हा पट्टा पायगा उमरावांकडे होता. मोठ्या जहागीरदारांच्या आपापल्या अदालती असत. इनाम जमिनींचा तर स्वतंत्र संसार होता: अतियात. कोणाला इनाम कधी, कशाबद्दल आणि किती पिढ्यांसाठी मिळाले याची चौकशी होऊन जो मंजुरीचा कागद निघे तो मुंतखब. इनामदार वारला की वारसाने विरासत मंजूर करून घ्यायची. मिताक्षरेप्रमाणे बाप गेला की मुलाचा हक्क आपोआप उभा, पण इनामात सरकारने मान डोलावल्याशिवाय काही नाही. कारण इनाम ही पूर्ण मालकी नव्हती, ते राजाने दिलेले आणि राजाला परत घेता येणारे दान होते. मालकी आणि उपभोगाचा हक्क यांतला फरक शिकायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही.

सगळ्या कागदांच्या वर एक कागद होता: फर्मान. निजाम कायदा करी, हुकूम काढी आणि निवाडाही देई. यांपैकी काय चालले आहे हे फर्मानावर लिहिलेले नसे आणि लिहिण्याची गरजही नसे. 1921 च्या फर्मानाने हैदराबादेत न्यायखाते कारभारापासून वेगळे झाले, तहसीलदार-तालुकदारांकडचे न्यायाचे काम काढले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या वेळी नुसती चर्चा चालू होती, म्हणून हैदराबादचे वकील याचा अभिमान बाळगत. अभिमान रास्तच, पण न्यायालयाला स्वातंत्र्य मिळाले तेही फर्मानानेच, आणि वर फर्मान काढणारा होताच.

फर्मान किती वर होते याचा मासला म्हणजे नवाब वलीउद्दौलाच्या मालमत्तेचा वाद. हा पायगा घराण्यातला उमराव 1935 साली वारला. महबूब बेगम आणि कदिरन बेगम यांनी आपण त्याच्या पत्नी असल्याचा दावा केला. वाद समित्यांतून आणि फर्मानांतून फिरत राहिला, 1947 साली एक फर्मान निघाले, ते पुढे स्थगित झाले. शेवटी 1950 साली हैदराबादेत एकट्या या घराण्यासाठी ‘वलीउद्दौला वारसा कायदा’ करून दोघींचे दावे फेटाळले गेले. एका कुटुंबाच्या भांडणाचा निकाल कायदा म्हणून छापला! 1953 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: असेच वाद असलेल्या बाकीच्यांना कोर्टाचे दार उघडे आणि या दोघींनाच बंद, हे संविधानाच्या अनुच्छेद 14 मध्ये बसत नाही. पण त्याच भांडणाच्या पुढच्या फेरीत, 1955 साली, त्याच न्यायालयाने हेही सांगितले की निजाम सार्वभौम असताना त्याचे फर्मान हाच कायदा होता. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. संविधानानंतर कायदा सर्वांसाठी असावा लागतो. त्याआधीचा कायदा तसा नव्हता म्हणून तो कायदाच नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही.

तुळजापूरला वंशपरंपरेच्या हक्कांची वेगळी तऱ्हा दिसते. तुळजाभवानीच्या देवळात पूजेचे, सेवेचे, उत्पन्नाचे हक्क भोपे आणि इतर सेवेकरी घराण्यांत वंशपरंपरेने चालत आले. कोणाची पाळी कधी, कोणते उत्पन्न कोणाचे, यावरून तंटे नित्याचे. निजामाच्या काळात 1909 साली ‘देऊळ-ए-कवायत’ नावाची नियमावली झाली आणि आजही देवळाचा वाद पेटला की दोन्ही बाजू तिचा आधार घेतात. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी विचारतो, पूजा हा दिवाणी हक्क कसा? दिवाणी संहितेच्या कलम 9 चे स्पष्टीकरण वाचावे. मिळकतीचा किंवा पदाचा हक्क वादात असेल तर तो दावा दिवाणी स्वरूपाचा, मग तो हक्क सर्वस्वी धर्मकृत्यांच्या प्रश्नावर अवलंबून असला तरी. आरती कोणत्या चालीवर म्हणावी हे कोर्ट ठरवणार नाही. पाळी कोणाची हे ठरवील. पाळीला पद आहे, पदाला उत्पन्न आहे, आणि ते बापाकडून मुलाकडे जाते. मिळकत म्हणजे शेत आणि घर एवढेच, ही समजूत तुळजापुरात पहिल्या फटक्यात सुटते.

वतनाची दुसरी बाजू तडवळ्याने दाखवली. आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे इथे फेब्रुवारी 1941 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदार परिषद भरली. पाटलाचे वतन हा मान होता. महाराचे वतन म्हणजे तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात रात्रंदिवस राबण्याची बांधिलकी. दोन्हींना कायदा एकच शब्द वापरत होता आणि दोन्ही वंशपरंपरेने चालत होती. बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले होते. हक्क म्हणून लिहिलेली गोष्ट प्रत्यक्षात बेडी असू शकते, हे त्यांच्याइतके नेमके त्या काळात कोणी मांडले नाही. मुंबई राज्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द करण्याचा कायदा केला तो थेट 1958 साली.

13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून निघाल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल त्यांच्या हाती आला. 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि निजामाने फर्मान काढून त्यांना कारभाराचे सर्व अधिकार दिले. राज्य घालवणाऱ्यालाही अधिकार फर्मानानेच मिळाले, ही गंमत वाटते, पण पुढे तिच्यावरच सारे अडले. ऑगस्ट 1949 मध्ये, म्हणजे 1358 फसलीत, चौधरींनी जहागिरी रद्द करणारे विनियम काढले. जहागीरदार कोर्टात गेले: लष्करी गव्हर्नरला कायदा करण्याचा अधिकार कोणी दिला? ‘सरवरलाल’ खटल्यात 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की सार्वभौम निजामाने फर्मानाने दिला. जहागिरी 26 जानेवारी 1950 च्या आधीच संपल्या, त्यामुळे मूलभूत हक्कांचा आधारही नाही. फर्मानावर जगलेली जहागीर फर्मानानेच गेली. शिवाय 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीत नववे परिशिष्ट जोडले, त्यातल्या मूळच्या तेरा कायद्यांत शेवटचे दोन हैदराबादच्या जहागिरींचेच आहेत.

यानंतर पाटावर आला भोग. 10 जून 1950 ला हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू झाला. त्याआधी 1354 फसलीचा आसामी शिकमी कायदा होता, पण धार आली ती आता. संरक्षित कूळ कोण? कलम 34 सांगते: ज्याने 1342 ते 1352 फसली या वर्षांच्या आत सलग सहा वर्षे जमीन कसली तो, किंवा 1 जानेवारी 1948 पूर्वीची लगतची सहा वर्षे कसली तो, किंवा 6 ऑक्टोबर 1943 नंतर सुरू करून कायदा लागू होण्याआधी सहा वर्षे पुरी केली तो. संविधान लागू झालेल्या देशाचा कायदा, आणि त्यात माणसाचे नशीब फसली सनांवर टांगलेले.

आता समजा, नळदुर्गजवळचे एक शेत आहे. जमीनदाराकडे उर्दू दस्त आहे, त्यावर मोहर आहे, दस्त खरा आहे. कुळाकडे काही नाही. सहा वर्षांच्या पेरण्या आणि नांगरट एवढीच त्याची कमाई. महजराच्या काळात गावाने साक्ष दिली असती, पण गाव पाटलाच्या शब्दाबाहेर गेले नसते. निजामी अदालतीत दस्त जिंकला असता. 1950 नंतर प्रश्न उलटा विचारला गेला: कसत कोण होते? त्याची नोंद हवी म्हणून 1954-55 च्या खासरा पाहणीत गावोगाव शेते तपासून मालक कोण आणि प्रत्यक्ष ताबा कोणाचा, हे लिहिले गेले. त्या पत्रकात मालक आणि कब्जेदार यांची नावे वेगवेगळी पडली की तिथे पुढच्या दोन पिढ्यांचा कज्जा पेरला गेला. नाव कोणाचे लिहायचे हे ठरवताना पटवाऱ्याच्या ओसरीवर काय काय झाले असेल, ते कोणत्याच कागदात नाही.

1 एप्रिल 1951 पासून भारतीय दिवाणी संहिता, पुरावा आणि करार कायदे हैदराबादला लागू झाले आणि निजामी संहिता गेल्या. पण सगळे गेले नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 119 ने व्यवस्था केली की सरहद्द हलली तरी कायद्याचा मुलूख हलणार नाही. सक्षम विधिमंडळ बदल करीपर्यंत ज्या प्रदेशात जो कायदा होता तोच राहील. म्हणून बार्शीच्या शेतकऱ्याला मुंबईचा 1948 चा कूळकायदा, त्यातला 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन, आणि काही कोसांवरच्या धाराशिवच्या शेतकऱ्याला हैदराबादचा 1950 चा कायदा. एकच राज्य, एकच भाषा, सोयरीक देखील एकच, आणि कूळ कोण याच्या व्याख्या दोन. हैदराबाद राज्य नकाशावरून गेले, पण कायद्याच्या शीर्षकात ते अजून आहे.

याचा परिणाम कोर्टाच्या दारातच होतो. ताब्याचा दावा दिवाणी न्यायाधीशापुढे लागला आणि प्रतिवादीने कैफियतीत ‘मी कूळ आहे’ असे लिहिले की त्या मुद्द्यापुरते दिवाणी कोर्टाचे हात बांधले जातात. कलम 99 ने मनाई आहे आणि 99-अ प्रमाणे तो मुद्दा तहसीलदाराकडे पाठवायचा, तिकडचा निर्णय येईपर्यंत इकडे थांबायचे. कलम 9 म्हणते की दिवाणी कोर्टाला सर्व दिवाणी दावे चालवता येतात, स्पष्ट किंवा गर्भित मनाई असलेले सोडून. विद्यार्थी पहिला भाग घोकतात. जिल्ह्याच्या कोर्टात काम चालते ते बहुतेक दुसऱ्या भागावर. 1921 साली तहसीलदाराच्या हातून काढलेला न्याय असा एका बाजूने त्याच्याकडे परतला आहे. कुळाला वकील परवडत नाही म्हणून ही सोय केली, असे सांगतात. सोय कोणाची झाली, हे फायलींची जाडी पाहून ज्याने त्याने ठरवावे.

अपिलांची वाट तर फारच लांब होती. 1956 पर्यंत ती हैदराबादला, मुसी नदीकाठच्या उच्च न्यायालयात जाई. तिथे उर्दू जाणणारे वकील होते. 1956 नंतर ती मुंबईला वळली आणि पंचवीस वर्षे तशीच राहिली. 27 ऑगस्ट 1981 ला औरंगाबादचे खंडपीठ सुरू झाले तेव्हा ती बरीच आखूड झाली. त्याच सुमारास, 1982 साली, लातूर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे औशाच्या जुन्या दस्तावर जिल्हा उस्मानाबाद दिसतो, त्याहून जुन्यावर नळदुर्ग. आता 2023 पासून जिल्ह्यातल्या नव्या दस्तावर धाराशिव आहे. दस्त शोधायला जाणाऱ्याला तिन्ही नावांनी शोधावे लागते.

इनामांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. हैदराबादचा इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याचा कायदा 1954 साली झाला. व्यक्तीच्या चरितार्थासाठी दिलेली मदतमाश इनामे सरकारजमा होऊन पुन्हा कब्जेदारांना मिळाली, पण विक्रीवर सरकारी परवानगीची अट राहिली. धार्मिक संस्थांच्या सेवेसाठी दिलेली इनामे, म्हणजे खिदमतमाश, कायद्याने वगळली. ती जमीन पुजाऱ्याची किंवा मुजावराची नाही, संस्थेची. तो फक्त सेवेच्या बदल्यात तिचे उत्पन्न खाणारा. विकली असेल तर विक्री टिकत नाही, मग घेणाऱ्याने पन्नास वर्षे सारा भरला असला तरी. मराठवाड्यात अशा जमिनींवर वस्त्या उभ्या आहेत, खरेदीखते नोंदली गेली आहेत, बँकांचे बोजे चढले आहेत. धाराशिव जिल्ह्यात भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे विक्रीवर बंधन असलेल्या, नोंदींवरून शेतकऱ्यांची आंदोलने झाली आणि 2024 साली राज्य सरकारने मदतमाश जमिनींचा नजराणा खाली आणला.

अशा दाव्यात दोन्ही पक्षांचे सातबारे, फेरफार, खासरा पत्रके सादर होतात आणि शेवटी कोर्ट विचारते, मुंतखब आहे का? तो उर्दूत, शिकस्ता लिपीत असतो. ती वाचू शकणारी माणसे जिल्ह्यात आता थोडी उरली आहेत. भाषांतर करून, करणाऱ्याला पिंजऱ्यात बोलावून, उलटतपासणी होते: इनाम देताना सरकारने माणसाला दिले की सेवेला?